पियानो वाजवत गायचं, तर आधी पेटीची सवय मोडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लहानपणापासून पेटी घेऊन गाता, पियानोच्या पाच ग्रेड झाल्या आहेत, आणि आता नॅट किंग कोलसारखी जुनी अमेरिकन जॅझ-पॉप गाणी स्वतः वाजवत गायची आहेत. गायला लागलं की हात चुकतात, हात सांभाळले की गाणं पाढे म्हटल्यासारखं होतं. शेवटी विचारलंय, की कोलनेही पुढे पियानो सोडून उभं राहूनच गायलं, मग दोन दगडांवर पाय ठेवायचा कशाला?

हात आणि गळा जुळत नाहीत, असं तुम्ही म्हणता. माझ्या मते ते फार जास्त जुळतात, आणि दुखणं तिथेच आहे. पेटी वाजवत गाणाऱ्याचा उजवा हात गळ्याची सावली असतो. जो सूर गळ्यात, तोच बोटाखाली. भावगीताला, भजनाला ते शोभतं. गीतरामायणाच्या कार्यक्रमात बाबूजी स्वतः पेटी घेऊन गात, तिथे पेटीने गळ्याला धरून राहणं हाच गाण्याचा पोत होता. पेटीचा सूर भात्यावर लांबतो, त्यामुळे गळा जरा मागेपुढे झाला तरी पेटी त्याला पोटात घेते. पियानोचा सूर हातोडी तारेवर पडल्या क्षणी जन्मतो आणि लगेच विरायला लागतो. त्यावर चाल वाजवत तीच चाल गायलात, तर शब्द पाव मात्रा उशिरा आला तरी दोन माणसं एकमेकांना चुकल्यासारखी ऐकू येतात. आणि या गाण्यांची सगळी मजा तर शब्द पाव-अर्धी मात्रा उशिरा टाकण्यात असते. म्हणून तुमचा हात गळ्याला वेळेवर यायला लावतो, आणि गाण्याचे पाढे होतात.

तेव्हा पहिला नियम: गाताना चाल वाजवायची नाही. एकही ओळ नाही. मग हातांनी करायचं काय?

कॉर्डचे, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांच्या जुडीचे, फक्त दोन सूर धरायचे, मूळ सुरापासून मोजलेला तिसरा आणि सातवा. ग्रेडच्या परीक्षांनी चार-पाच सुरांचे भरगच्च कॉर्ड शिकवलेले असतात, ते तूर्त बाजूला ठेवा. ई फ्लॅटमध्ये, म्हणजे आपल्या काळी दोनमध्ये, या गाण्यांत शंभरदा येणारी जागा घ्या: एफ मायनर सेव्हन, बी फ्लॅट सेव्हन, ई फ्लॅट मेजर सेव्हन. ई फ्लॅटला सा माना. पहिल्या कॉर्डचे दोन सूर म आणि वरचा सा. दुसऱ्याचे म आणि नी. तिसऱ्याचे ग आणि नी. नीट बघा: पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाताना म जागेवर राहतो आणि सा अर्धा सूर उतरून नी होतो. दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाताना नी जागेवर आणि म अर्धा सूर उतरून ग. दर वेळी एकच बोट हलतं, तेही शेजारच्या पट्टीवर. हात उचलायचा नाही, उडी नाही, खाली बघायचं नाही. जी जागा आंधळ्याने चाचपत जावं इतकी जवळ आहे, तिथे गळ्याचं लक्ष खर्चच होत नाही.

हे दोन सूर कुठे धरायचे हे आवाजावर अवलंबून आहे. मधल्या सीच्या खाली सुमारे सप्तकभर जागा चांगली. त्याहून खाली गेलात तर जवळजवळचे सूर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. बासवाला, म्हणजे खर्जाचं तंतुवाद्य वाजवणारा, सोबत असेल तर कॉर्डचा मूळ सूर त्याच्यावर सोडा. दोघांनी तो वाजवला की पियानोचा आणि बासचा खर्ज किंचित बेसूर लागतो आणि तळ डळमळतो. एकट्याच असाल तर मूळ सूर डाव्या हाताने, तिसरा-सातवा उजव्याने.

सरावाचा क्रम सांगतो. पूर्ण गाणं घेऊ नका, आठ बार घ्या (एक बार म्हणजे चार मात्रा). यातली बरीचशी गाणी बत्तीस बारांची असतात: आठ बारांचा एक मुखडा, तोच पुन्हा, मग वेगळा आठ बारांचा मधला भाग, मग पहिला. म्हणजे आठ बार जमले की गाण्याचा पाऊण भाग हातात आला. आधी पियानोपासून लांब उभं राहून दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर चुटकी वाजवत गा. पहिल्या-तिसऱ्यावर आपोआप पडणारी टाळी मोडायला साधारण आठवडा जातो, तो जाऊ द्या. मग पियानोवर बसून शब्द गाऊ नका, नुसते बोला. हात दोन सुरांचे कॉर्ड धरतील, तोंड गप्पा मारल्यासारखं ओळी बोलेल. बोलताना ठेका न सुटता बोलता आलं, तरच गायला लागा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि सहा महिने चाचपडतात.

त्यानंतर ठेका. सुरुवातीला कॉर्ड दर बारला एकदाच, पहिल्या मात्रेवर. मग पहिल्या मात्रेवर एक आणि दुसरी-तिसरीच्या मधोमध एक, हा चार्ल्सटन नावाच्या जुन्या नाचाचा ठेका. दोन आघात, बाकी बार रिकामा. याहून जास्त काही महिनाभर वाजवायची गरज पडत नाही. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं लययंत्र, मिनिटाला १२० मात्रांच्या गाण्याला ६० वर लावा आणि त्याचे ठोके दुसरी आणि चौथी मात्रा आहेत असं धरा. हे जमलं की ३० वर, फक्त चौथ्या मात्रेवर.

इथे हमखास होणारी चूक अशी: शब्द मागे ओढला की हातही मागे ओढला जातो. गायिकेला वाटतं आपण छान लडिवाळ गायलो, ऐकणाऱ्याला वाटतं गाडीचं पेट्रोल संपत आलंय. गळा मागे राहिला हे कळायला हात जागेवर असावे लागतात. ठुमरीत गायिका बोल कितीही लांबवू शकते, कारण तबलजी ठेका सोडत नाही. इथे तबलजी तुमचे हात आहेत. फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना गाणं सोडून फक्त डाव्या हाताकडे लक्ष द्या. मेट्रोनोम चौथ्या मात्रेवर ठेवून केलेलं रेकॉर्डिंग तर खोटं बोलतच नाही.

मग भरणा, म्हणजे ओळींच्या मधले पियानोचे छोटे तुकडे. ओळ चार बारांची असेल तर शब्द साधारण अडीच बारांत संपतात. उरले दीड बार, म्हणजे सहा मात्रा. त्यातल्या तीन-चार वापरा आणि शेवटच्या दीड-दोन मात्रा श्वासाला सोडा. पुढच्या शब्दाच्या तोंडावर भरणा चालू असला की पहिलं व्यंजन गिळलं जातं. भरण्याची जागा गळ्याच्या वर, पियानोच्या उजवीकडच्या दोन सप्तकांत. तुम्ही जिथे गाता तिथेच बोटं फिरली, तर ती शब्दांवर सांडतात. आणि प्रत्येक पोकळी भरायची नसते. दोन ओळींत एक भरणा पुष्कळ झाला.

पेडल, म्हणजे सूर लांबवणारी पायाखालची पट्टी, हा पियानो शिकलेल्यांचा खास शत्रू. गाताना पाय आपोआप दाबला जातो आणि दोन कॉर्ड एकमेकांत विरघळून शब्दांवर धुकं येतं. मध्यम लयीच्या स्विंग, म्हणजे झुलत्या ठेक्याच्या, गाण्याला पेडल जवळजवळ नकोच. संथ गाण्यात दर कॉर्डला बदला.

पट्टीबद्दल. आपल्याकडे गायिकेची एक पट्टी ठरते आणि सगळं त्याच पट्टीत गायलं जातं. इथे पट्टी गाण्यागणिक बदलते, कारण चालीत सा कुठे बसतो ते प्रत्येक गाण्यात वेगळं. छापील पुस्तकांतल्या पट्ट्या बहुतेकदा मूळ प्रकाशनाच्या किंवा वादकांच्या सोयीच्या असतात. बायकांना त्या सहसा चार-पाच सूर खाली आणाव्या लागतात. सोपा उपाय: गाणं पियानोला हात न लावता, माईकवर बोलतो तितक्या हळू आवाजात गा. दिवसातून तीनदा, तीन दिवस. जिथून आपसूक सुरू करता तो सूर लिहून ठेवा. सगळ्यांत खालचा सूर नुसत्या श्वासात विरत असेल तर अर्धा सूर वर सरका. पूर्ण ताकदीने गायच्या पट्टीपेक्षा ही पट्टी दोन-तीन अर्धे सूर खाली निघते, ते बरोबरच आहे. या गायकीचा जन्मच माईकसमोर झालाय. मात्र कीबोर्डवरचं ट्रान्सपोझचं बटण वापरू नका. खऱ्या पियानोसमोर बसलात की ते बटण नसतं, आणि बासवाल्याला तुम्ही सांगितलेली पट्टी आणि प्रत्यक्ष वाजणारी पट्टी यांत तंटा होतो.

बसण्याची बाब छोटी, पण गळ्यावर फार परिणाम करणारी. पट्ट्यांकडे बघत गायलं की हनुवटी छातीकडे जाते आणि आवाज घशात अडकतो. बाकाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, तळवे जमिनीवर. माईक बूम स्टँडवर, तोंडापासून पाच ते आठ सेंटिमीटर, थोडा उजवीकडे, म्हणजे मान श्रोत्यांकडे वळलेली राहील. मॉनिटर, म्हणजे स्वतःला ऐकायचा स्पीकर, माईकच्या पाठीच्या बाजूला. ग्रँड पियानो असेल तर झाकण छोट्या काडीवर ठेवा, नाहीतर गळ्याच्या माईकमध्ये पियानोच जास्त शिरतो. कोलची चित्रफीत आवाज बंद करून बघा: बाकावर बराच तिरका वळून बसलाय, तोंड श्रोत्यांकडे, हात मात्र आपलं आपण चाललेत. तो डौल दिसायला सोपा आहे; पण हाताखाली उड्या नसतील तरच तो जमतो.

आता कोलच्या वाटेबद्दल, कारण तुमचा दुसरा प्रश्न तिच्यावर टेकलाय.

तो आधी पियानोवादक होता, आणि साधासुधा नव्हे. १९१९ मध्ये अलाबामात जन्म, शिकागोत वाढला, जॅझ पियानोवादक अर्ल हाइन्सचा पियानो ऐकत. १९३७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्याने त्रिकूट बांधलं: पियानो, ऑस्कर मूरची गिटार, वेस्ली प्रिन्सचा बास. ड्रम नाहीत. ड्रम नसल्यामुळे ठेका तिघांत वाटावा लागला आणि गळ्याला मोकळी जागा मिळाली. पियानो आणि गिटार दोन्ही कॉर्डची वाद्यं. दोघांनी एकदम धरले की चिखल होतो. त्यांनी कामं वाटून घेतली: गिटार ठेका धरते तेव्हा पियानो तुटक बोलतो, आणि ठरलेल्या जागी दोघं एकच तुकडा एकसाथ वाजवतात. तुम्ही गिटारवाला घेणार असाल तर पहिल्या तालमीत हीच वाटणी करा.

१९४० च्या डिसेंबरमध्ये डेक्का या तबकडी कंपनीसाठी ‘स्वीट लॉरेन’ ध्वनिमुद्रित झालं. तिथे गळा आणि हात एकमेकांना कशी जागा देतात ते ऐका. तुमच्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर तीन-एक मिनिटांत आहे. ‘स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट’ नोव्हेंबर १९४३ मध्ये कॅपिटल या दुसऱ्या कंपनीसाठी झालं आणि त्रिकूट देशभर पोचलं, पण त्या गाण्याचे हक्क त्याने आधीच ५० डॉलरला विकून टाकले होते. स्वतःची गाणी लिहिणार असाल तर हे ध्यानात ठेवा. आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा करारात सहज काढून घेता येत नाही, तरी सही करण्याआधी करार जाणत्या माणसाला दाखवा.

१९४४ च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या ‘जॅझ ॲट द फिलहार्मोनिक’ मैफलीत तो फक्त पियानोवर होता. कॅपिटलच्या करारामुळे तबकडीवर नाव छापलं गेलं ‘शॉर्टी नदीन’. नदीन त्याची तेव्हाची बायको. तेव्हापर्यंत जॅझवाले त्याला गायक म्हणून नव्हे, पियानोवाला म्हणून ओळखत होते. मग तंतुवाद्यं आली. ‘द ख्रिसमस साँग’ जून १९४६ मध्ये नुसत्या त्रिकुटाने वाजवलं. ऑगस्टमध्ये तंतुवाद्यांची छोटी जोड देऊन पुन्हा केलं आणि तेच बाजारात गेलं. १९४८ मध्ये ‘नेचर बॉय’ आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. १९५० मध्ये ‘मोना लिसा’. मोठ्या वाद्यवृंदापुढे पियानोला काम उरत नाही. वाद्यवृंदाचं लेखन आधीच पोकळ्या भरून टाकतं. तो उठून उभा राहिला तो असा. पियानोने दगा दिला म्हणून नाही, गिऱ्हाइक बदललं म्हणून.

त्या यशाची किंमतही बघा. १९५१ मध्ये थकलेल्या करापोटी सरकारने त्याच्या घरावर जप्ती आणली. ५ नोव्हेंबर १९५६ ला एनबीसी या टीव्ही वाहिनीवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला आणि १७ डिसेंबर १९५७ ला बंद पडला. श्रोते होते, पण काळ्या गायकाच्या नावाशी जोडून घ्यायला देशव्यापी प्रायोजक तयार होईना. आणि याच काळात, १९५६ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, तो पुन्हा पियानोवर बसला आणि छोट्या मेळासोबत ‘आफ्टर मिडनाइट’ केलं. उभं राहून मिळालेली वर्षं आणि हे ध्वनिमुद्रण शेजारी ठेवून ऐका. उच्चार तोच, पण शब्द कुठे टाकायचा याची चलाखी पियानोवर जास्त आहे, कारण पुढची पोकळी तोच ठरवतोय. सिगारेटीने आवाज भारदस्त होतो असं तो मानायचा. १९६५ च्या फेब्रुवारीत फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला, वय ४५. गायकांनी या बाबतीत त्याचं ऐकू नये.

उलट बाजूचं उदाहरण शर्ली हॉर्न, पियानो वाजवत गाणारी अमेरिकन गायिका. १९६३ मध्ये कंपनीने तिला पियानोवरून उठवून नुसतं गायला लावलं. त्या तबकड्या वाईट नाहीत, पण तिची लय त्यात नाही. ती इतक्या संथ लयीत गायची की दुसऱ्या पियानोवाल्याला तेवढं थांबणं अवघड. मधली बरीच वर्षं ती वॉशिंग्टनमध्ये घर सांभाळून आसपास वाजवत राहिली, बासवाला चार्ल्स एबल्स आणि ड्रमवाला स्टीव्ह विल्यम्स या जोडीला सोबत घेऊन, आणि पन्नाशी ओलांडल्यावर पुन्हा जगापुढे आली, पियानोवर बसूनच. बॉबी शॉर्ट न्यूयॉर्कच्या कॅफे कार्लाइलमध्ये १९६८ पासून २००४ पर्यंत पियानो वाजवत गायला. तशीच पियानोवर गाणाऱ्या ब्लॉसम डिअरीने १९७४ मध्ये स्वतःची तबकडी कंपनी काढली. या तिघांनाही पियानो कायमचा सोडावा लागला नाही, कारण त्यांनी मोठ्या सभागृहाऐवजी छोटी खोली निवडली.

म्हणून तुम्हाला कोणती खोली हवी ते आधी ठरवा. लग्न-समारंभांच्या मोठ्या मंचावर बॅकिंग ट्रॅकसह गायचं असेल, तर पियानोवर घातलेला वेळ त्या कामात परत मिळणार नाही. उभं राहूनच गा. मुंबई-पुणे-गोव्याच्या हॉटेलांत, साठ-सत्तर माणसांसमोर गायचं असेल, तर गात वाजवणारी एकटी बाई, फार तर सोबत एक बासवाला, मालकाला परवडते आणि लयीवर ताबाही तुमचाच राहतो. तिथे साधारण पाऊण-पाऊण तासाचे दोन-तीन फेरे असतात. एका फेऱ्यात दहा-बारा गाणी, म्हणजे सुरुवातीला पस्तीसेक गाणी पाठ हवीत, तीन वेगवेगळ्या लयींची आणि निदान चार पट्ट्यांची. प्रत्येक गाण्याची सुरुवात ठरलेली असू द्या: शेवटचे चार बार वाजवायचे, झाली प्रस्तावना. शेवटही ठरलेला: शेवटची ओळ तीनदा. बासवाल्याला खूण हाताने देता येत नाही, हात गुंतलेले असतात. शेवटच्या ओळीआधी मान त्याच्याकडे वळवा, दर वेळी त्याच जागी.

आणि दर फेऱ्यात एक गाणं उठून उभं राहून गा, फक्त बासच्या साथीवर. पियानो नसताना शब्द कुठे पडतात ते त्या गाण्यात कळतं. मग बसून पुढचं गाणं सुरू केलंत की पहिले आठ बार हात आपोआप कमी वाजवतात.